अर्धवट जंगलातल्या प्रदक्षिणा

मी पहिल्यांदा मेलो तो नाशिकच्या शालिमार चौकाजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, अनवाणी. मारणारा साप होता. म्हणजे इंग्रजी एस हे अक्षर होतं, पण ते ज्या पद्धतीनं माझ्याकडे एकेक घर सरकत आलं त्यावरून तो साप आहे याबद्दल मला शंका उरली नाही. मी दचकून उभा राहिलो, खुर्ची मागे पडली, आणि शेजारी बसलेला माझा मित्र पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "छान. चावतोय. गेल्या रविवारी चावत नव्हता."

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं आणि नाशकात कॉम्प्युटर क्लासचं पेव फुटलं होतं. काल टायपिंग शिकवणारे आज कॉम्प्युटर शिकवू लागले होते. या क्लासच्या पाटीवरचा 'टंकलेखन' हा शब्द रंगानं झाकला होता, तरी उन्हात तो खालून वर यायचाच. आत गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, दारात चपला काढून ठेवायच्या, आणि एक वातानुकूलन यंत्र. ते माणसांसाठी नव्हतं. त्या खोलीत माणसाला घाम आला तरी चालायचा, कॉम्प्युटरला येता कामा नये. खाली दुकानात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर दिवसभर ठोकाठोक चालायची, आणि वर आम्ही एका हिरव्या पडद्यापुढे देवघरात बसावं तसं मांडी सावरून, हळू आवाजात बोलत बसायचो.

मित्र माझा नाशिक रोडच्या कॉलनीतला, भिंतीला भिंत लागून वाढलेला. मध्ये काही वर्षं तो मुंबईला शिकायला गेला. तिथल्या कुठल्याशा मोठ्या कॉम्प्युटरवर त्यानं एक खेळ पाहिला होता. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. भुयारात उतरायचं, भुयार दर वेळी नवं, आणि मेलात की मेलात, पुन्हा अगदी पहिल्यापासून सुरुवात, तीही निराळ्याच भुयारात. मुंबईहून तो पदवी घेऊन आला आणि हे वेड घेऊन आला. पदवीवर त्याला या क्लासात शिकवायची नोकरी मिळाली. वेडासाठी रविवार होता. रविवारी क्लास बंद असायचा आणि मालकांनी, ज्यांना सगळे 'सर' म्हणत, त्याला मशीन वापरायची परवानगी दिली होती.

त्याला भुयार नको होतं. त्यानं जंगल केलं, डोंगर केले, मधून वाहणारी नदी केली. एक संशोधक निघतो आणि त्या नदीचा उगम शोधतो, एवढीच गोष्ट. प्रत्येक वेळी प्रदेश वेगळा, नदीची वळणं वेगळी. पाठीवर शिदोरी, प्रत्येक पावलाला ती थोडी सरते. संपली की संशोधक संपला. हा संशोधक म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात आधीपासूनच असलेलं एक चिन्ह होतं, गोल, हसरं तोंड. तो हसत निघायचा, हसत वाट चुकायचा आणि हसतच मरायचा. सरकारी कचेरीत असा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

खेळ अर्धामुर्धा होता आणि तो खेळून पाहायला त्याला एक भटक्या हवा होता. त्यानं मला निवडलं यात चूक माझी. पेठहून हरसूलला मी डोंगरातून एकटा पायी गेलो होतो, हे मी कॉलनीत इतक्यांदा सांगितलं होतं की दर वेळी त्यात एखादं तरी जनावर वाढायचं. खरी हकीकत अशी की माझी एसटी चुकली होती आणि हरसूलच्या बाजाराला निघालेल्या बायामाणसांच्या मागे मागे मी चाललो होतो. वाटेत एका म्हातारीनं माझी पिशवीही घेतली होती, कारण मी फार धापा टाकत होतो.

"तू पहिला माणूस आहेस," मित्र म्हणाला. "खेळ, आणि काय वाटतं ते सांग. उगाच चांगलं सांगू नकोस."

तो धोका नव्हताच. मी कारकून. दुसऱ्यानं केलेल्या कामावर शेरा मारणं यासाठीच मला पगार मिळत होता.

"पहिली गोष्ट," सापानं मारल्यावर मी खुर्ची उचलून म्हणालो, "यात विचारायला कोणी नाही."

"कोणाला विचारायचंय?"

"वाट. अरे, आपल्याकडे माणूस नव्या मुलखात शिरला की शोध लावतो का? विचारतो. टपरीवर विचारतो, गुराख्याला विचारतो. एकानं सांगितलं तरी खात्रीला दुसऱ्याला विचारतो. इतका वेळ चाललोय, एक माणूस नाही. हे जंगल खोटं आहे."

त्यानं डोकं खाजवलं. पुढच्या रविवारी जंगलात एक गावकरी उभा होता. त्याला जाऊन भिडलं की खाली रोमन अक्षरांत उत्तर उमटायचं, "हे काय, जवळच हाय. डोंगराच्या पल्याड." कुठल्याही मुलखात भेटला, कुठल्याही दिशेनं भेटला, तरी हेच. त्याच्या भरवशावर मी डोंगरामागून डोंगर ओलांडत गेलो आणि उपाशी मेलो.

"हे मात्र अस्सल झालंय," मी म्हणालो.

असे बरेच रविवार गेले. मी काट्यात पडून मेलो, पुरात मेलो, आणि एकदा आपणच तोडलेल्या झाडाखाली मेलो. (झाड कुठल्या बाजूला पडतं हे मित्रानं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते नेहमी तोडणाऱ्यावरच पडायचं.) घरी बायको विचारायची, "अहो, दर रविवारी जाता कुठं?" मी म्हणायचो, "संशोधनाला." तिनं तेव्हापासून माझ्या डब्यात एक पोळी कमी केली, कारण संशोधन करणारा माणूस जेवणाकडे कुठं बघतो.

मग एका रविवारी मी उगमाला पोचलो. नदी बारीक होत होत एका डोंगराच्या टोकाशी गेली, हसऱ्या तोंडानं शेवटचं पाऊल टाकलं, आणि पडदा थबकून एक इंग्रजी ओळ झळकली. मी हात वर करून ओरडलो, "पोचलो! अभिनंदन करतोय बघ!" खालची ठोकाठोकसुद्धा क्षणभर थांबली.

मित्रानं ओळ वाचली. "अभिनंदन नाही रे. प्रोग्रॅम बंद पडलाय. तिथं मी अजून काही लिहिलेलंच नाही."

"का?"

"कळत नाहीये. एवढं चालून माणूस पोचला की त्याला तिथं काय दिसायला पाहिजे?"

"हा काय प्रश्न झाला? देऊळ!" मी म्हणालो. "नाशिकच्या माणसाला विचार, नदीचा उगम म्हटलं की देऊळ, कुंड, पायऱ्या आणि बाहेर एसटी स्टँड."

"म्हणूनच तर नको," तो म्हणाला. "आपल्याला आपला उगम इतका पाठ आहे की शोधायला काही उरलेलंच नाही. मला न पाठ असलेली नदी पाहिजे."

हे वाक्य मला फार आवडलं. मी ते कचेरीत स्वतःचं म्हणून दोनदा वापरलं.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा सरांनी मित्राला बोलावून घेतलं. मीही होतो, कारण मी तोवर फुकट येणाऱ्यांपैकी क्लासचा सगळ्यात नियमित माणूस झालो होतो. सर टेबलाशी बसून काळ्या चौकोनी फ्लॉपीनं वारा घेत होते.

"हिच्यात तुमचं ते जंगल आहे ना?"

"हो सर. पण वारा नका घेऊ तिनं."

"फ्लॉपी क्लासची आहे. दसऱ्यापासून नवी बॅच, मला ती अकाउंटिंगला पाहिजे. एवढी वर्षं टायपिंग शिकवलं, कुणी मशीनवर जंगल वाढवलं नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बघा, नवरात्रातल्या पहिल्या रविवारी पालकांना बोलावतोय. तुमचा खेळ दाखवा. पालक खूश झाले, ॲडमिशनी आल्या, तर फ्लॉपी तुमची आणि रविवारही तुमचे, पूर्ण होईस्तोवर. नाहीतर पुसा."

त्या काळी फ्लॉपी मुंबईहून यायच्या आणि सर त्या लोखंडी कपाटात, बायकोच्या बांगड्यांशेजारी ठेवायचे. प्रिंटर होता, पण त्याची रिबीन वाळून गेली होती. जंगल होतं ते त्या एकाच काळ्या चौकोनात होतं.

जिना उतरताना मित्र म्हणाला, "पुसलं तर मला परत लिहिता येणार नाही, लेका. त्यातलं निम्मं मला आठवतच नाही. हात चालत होते तसं ते होत गेलं."

त्याचा आवाज जरा वेगळा आला. आम्ही शाळेत असताना त्याची सायकल चोरीला गेली होती तेव्हाही आला नव्हता. साहजिकच मी ठरवलं की या बाबतीत आपण मदत करायची. माझी मदत म्हणजे काय असते याचा अनुभव त्याला पुढं आला.

पहिली मदत मी अशी केली: "पालकांना नुसतं जंगल दाखवू नकोस. उगमावर नको तर नको, पण वाटेत एखादं देऊळ टाक. ओळखीचं काहीतरी दिसलं की माणूस रमतो."

"देवळात काय होणार?"

"काही नको व्हायला. नुसतं असू दे. शोभेला."

त्यानं बराच वेळ नको नको म्हटलं आणि शेवटी टाकलं. एक त्रिकोण. त्याच्यामागे एकही ओळ लिहिलेली नव्हती. त्रिकोणाला भिडलं तर आत जाता येत नव्हतं, बाजूनं मात्र फिरता येत होतं.

दुसरी मदत, प्रेक्षक. पालक येतील न येतील याची सरांना धास्ती होती. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "माझी घरची माणसं आणतो." नवरात्रासाठी माझ्या सासूबाई निफाडहून आल्या होत्या. द्राक्षबागेची, गड्यांची आणि सासऱ्यांची मिळून एका आवाजात व्यवस्था लावणारी बाई. मी घरात शिरलो की त्या पदर सावरायच्या आणि पुढच्याच वाक्यात माझी अक्कल काढायच्या, दोन्ही सारख्याच आदरानं.

रविवारी क्लास भरला. जिन्यात चपलांचा ढीग लागला. सरांनी मशीनला झेंडूचा हार घातला होता आणि तो पडद्यावर लोंबत होता, त्यामुळे जंगलाचा डावा भाग दिसत नव्हता. पालकांत पुढच्या रांगेत एक टोपीवाले गृहस्थ बसले होते. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि मुलीला क्लासला घालायचं की नाही हे ठरवायला आले होते. मुलगी त्यांनी आणली नव्हती. निर्णय होईपर्यंत तिला त्रास कशाला.

मित्रानं खेळ समजावून सांगितला. नदीचा उगम शोधायचा आहे, असं म्हणताक्षणी टोपीवाले म्हणाले, "कुठल्या नदीचा?"

"काल्पनिक नदी आहे."

"पण उगम त्र्यंबकला आहे ना? यात शोधायचं काय? अर्ध्या तासाला गाडी आहे."

हशा झाला. सरांनी घाम पुसला. मित्र माझ्याकडे बघायला लागला. मी ताडकन उठून म्हणालो, "आपल्यापैकी कोणीतरी येऊन खेळून बघा! अगदी सोपं आहे! आई, तुम्ही या!"

का बोलावलं, मला अजून उमगलेलं नाही. माझा असा हिशेब असावा की घरचं माणूस आपली लाज राखील. लग्नाला चार वर्षं होऊनही मी असे हिशेब करत होतो.

सासूबाई येऊन बसल्या. पदर खोचला. मी चार बाण दाखवले. "हे वर, हे खाली. हा हसतोय ना, तो तुमचा माणूस."

"हसतोय कशाला? काम नाय का त्याला?" म्हणत त्यांनी बटण दाबलं. हसरं तोंड हललं. त्यांनी एकदम हात मागे घेतला, मग परत दाबलं. थोड्याच वेळात त्या नदीच्या कडेनं अशा झपाट्यानं निघाल्या की मित्र खुर्चीच्या कडेला आला. सापाला त्यांनी वळसा घातला. गावकऱ्याला भेटल्या, "जवळच हाय" वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "हा खोटं बोलतोय. आमच्या गड्यासारखा." आणि उलट्या दिशेनं गेल्या. बरोबर गेल्या. टोपीवाले पुढे वाकले. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात त्रिकोण आला.

"हे काय हाय?"

"देऊळ आहे, आई," मी अभिमानानं सांगितलं.

सासूबाईंनी पाय गालिच्यावर सारखे केले, हात जोडले, आणि प्रदक्षिणा सुरू केली. उजवीकडून, पद्धतशीर. एक झाली. दुसरी झाली. शिदोरीचा आकडा खाली उतरू लागला.

"आई, पुढं चला," मी कानाशी म्हणालो. "शिदोरी सरतेय."

"देवाच्या दारात शिदोरी मोजता का, जावईबापू?"

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "कुठल्या देवाचं आहे पण?"

मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "महादेवाचं!" उगमाकडे जाणारी वाट, महादेव शोभला असता, एवढाच माझा विचार होता.

खोलीत एकदम गलका झाला. "अहो, मग पूर्ण कशी घालताय?" "महादेवाची अर्धीच असते!" "पाणी ओलांडायचं नसतं!" सासूबाईंनी जीभ चावली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मभराचा नास्तिक ठरलो. "आधी सांगायचं नाय? पन्हळ कुठल्या अंगाला हाय?"

मी मित्राकडे पाहिलं. त्याचा चेहरा, मागे एकही ओळ न लिहिलेल्या त्रिकोणासारखा, कोरा होता. "उत्तरेला," मी म्हणालो. "वरच्या बाजूला."

मग सासूबाई पन्हळीपर्यंत जायच्या, थांबायच्या, आल्या वाटेनं परत फिरायच्या, दुसऱ्या अंगानं पन्हळीपर्यंत जायच्या आणि पुन्हा परत. चुकीच्या झालेल्या प्रदक्षिणांची भरपाई म्हणून जास्तीच्या. टोपीवाले मोठ्यानं मोजत होते. सगळी खोली मोजत होती. नदी, जंगल, उगम, सगळं राहिलं बाजूला. आणि मग मशीननं एक बारीक शीळ घातली. देवळाच्या दारात हसरं तोंड विझलं.

"काय झालं?"

"मेला," मित्र म्हणाला. "उपाशी."

"देवाच्या दारात?" मागच्या बाई म्हणाल्या. "ऐन नवरात्रात?" कोणीतरी म्हणालं, "तिथं प्रसाद नाही मिळत?" सर हार सारखा करू लागले.

हे सावरायला हवं म्हणून मी खुर्चीत बसलो. मी तज्ज्ञ होतो. नवा डाव सुरू केला, तडफेनं निघालो, योगायोगानं लगेच देऊळ लागलं आणि मी त्याच्या बाजूनं सरळ पुढं निघून गेलो. मागे सबंध खोलीनं श्वास रोखला. "नमस्कारसुद्धा नाही केला," असं बायकोचं कुजबुजणं मला ऐकू आलं. त्या दडपणाखाली मी पुढच्या नदीत सरळ चालत गेलो. लोकांचं समाधान झालेलं दिसलं.

सगळे गेल्यावर सर म्हणाले, "मरणं काढा."

"काय?" मित्र म्हणाला.

"लोकांना देऊळ आवडलं. मरणं आवडलं नाही. तो माणूस मेला नाही पाहिजे. पुढच्या रविवारी परत बोलावलंय मी, निम्म्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. मरणं काढा, मग फ्लॉपीचं बघू."

"सर, शिदोरी संपून मरायची भीती नसेल तर मग तो खेळच राहत नाही. मग ते नुसतं फिरणं झालं."

"लोक पैसे देऊन नुसतं फिरतातच," सर म्हणाले. "त्याला यात्रा म्हणतात."

मित्र मशीनपुढे बसला. मी तोंड उघडलं तर तो म्हणाला, "तू आता काही सुचवू नकोस." मग त्यानं एका ओळीवर बोट नेलं आणि तिच्या पुढं तीन अक्षरं टाइप केली. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, "ओळ पुसली नाही. ही अक्षरं पुढं असली की मशीन ती ओळ वाचतं, पण मानत नाही." मला आमची कचेरी आठवली.

पुढच्या रविवारी सासूबाई माझ्याआधी तयार होत्या. त्यांनी आठवडाभर माझ्याकडे त्या माणसाची चौकशी केली होती. तेराव्याचं नाव निघेल या भीतीनं मी बोलणं टाळत होतो. टोपीवालेही आले होते, या वेळी मुलीला घेऊन. मुलगी मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

सासूबाई बसल्या, निघाल्या, देऊळ गाठलं. सरांनी पुढं येऊन सांगितलं, "आई, आता निवांत घाला हं प्रदक्षिणा. आता कोणी मरत नाही."

त्यांनी एक घातली, अर्धी जाऊन परत येण्याची, बिनचूक. दुसरी घातली. तिसरीच्या मध्यावर थांबल्या. आकड्याकडे पाहिलं. शिदोरी भरलेली होती, जशीच्या तशी.

"हे सरत नाय का?"

"नाही," सर हसून म्हणाले. "कितीही घाला."

सासूबाईंनी बटणांवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "मंग काय मजा? मागल्या टायमाला एकेक फेरी मला पोटातून वाटत व्हती. आता हे फुकटचं हाय. आमची शेजारीण पायात वहाणा घालून उपास करते तसं." त्या माझ्या मित्राकडे वळल्या. "मास्तर, तुम्हीच काढलं का हे?"

"काढायला सांगितलं."

"कोणी? जावईबापूंनी?"

"नाही, आई!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी निर्दोष होतो आणि ते कोणाच्या तोंडावर दिसत नव्हतं.

सरांनी समजूत घातली. "तुम्हालाच तर गेल्या वेळी वाईट वाटलं, आई. नवरात्रात—"

"वाटलं ना! घरी जाऊन जेवण गेलं नाय. म्हून तर आले परत." त्या एकदम मोठ्यानं बोलल्या, गड्यांशी बोलतात त्या आवाजात. "लय विचार केला मी. दोन फेऱ्या घातल्या असत्या, उरल्या भाकरीत नदीच्या टोकापोत गेला असता. देवालाबी कळतं की माणसाला लांब जायचंय. माझंच चुकलं, हिशेब नाय केला. आता ह्या टायमाला करणार व्हते, तर तुम्ही हिशेबच काढून टाकला."

मग टोपीवाले घसा साफ करून म्हणाले, "मलाही जरा आज कंटाळवाणं वाटतंय खरं." भिंतीला टेकलेली मुलगी म्हणाली, "बाबा, मग मी बसू का? मरायचं असेल तर." टोपीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती बोलते, हे त्यांच्या ध्यानातच नसावं.

सर खिडकीशी गेले, पडदा सरकवून खाली भांड्यांच्या दुकानाकडे बघत उभे राहिले. टायपिंगच्या दिवसांत त्यांच्याकडे असा पेच कधी आला नसेल. तिथं अक्षर चुकलं की खोडायचं, एवढंच. शेवटी मागे न वळता म्हणाले, "ठीक आहे. मरू दे त्याला. फ्लॉपी ठेवा तुमच्याकडे. पण शीळ हळू वाजवा, खालच्या दुकानात ऐकू जाते."

मित्र मशीनशी गेला. ती ओळ पडद्यावर आणली आणि तिच्या पुढची तीन अक्षरं एकेक करून खोडली. घाईत त्यातलं एक दोनदा खोडलं गेलं आणि ओळीचं पहिलं अक्षरही गेलं. ते परत लिहिलं. मी काही सुचवलं नाही. माझ्या मदतीतली हीच काय ती धड.

सासूबाई परत बसल्या. या वेळी देवळाशी त्यांनी एकच प्रदक्षिणा घातली, पन्हळीशी थांबून परत फिरून, नमस्कार केला आणि नदीच्या कडेनं वर निघाल्या. पुराला वळसा, सापाला वळसा, गावकऱ्याला बघून न बघितल्यासारखं. शिदोरी जपून. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि "काकू, डावीकडे, डावीकडे," म्हणत होती. नदी बारीक व्हायला लागली.

मित्रानं माझा दंड धरला आणि मला दारापर्यंत ओढत नेलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो हसत होता, दोन्ही एकाच वेळी.

"त्या पोचतायत रे. उगमाशी काय दिसतं ते मी अजून लिहिलेलंच नाही. त्यांना घेऊन जा. चहा पाज. काहीतरी कर, मला अर्धा तास दे."

मी आत जाऊन म्हणालो, "आई, जरा चहा घेऊ या का खाली?"

"आत्ता? माणूस डोंगरात उभा हाय, जावईबापू!"

"तो थांबेल. मशीन चालूच आहे."

त्या कुरकुरत उठल्या, पडद्याकडे वळून वळून बघत. खुर्ची रिकामी होताच मुलगी बसायला निघाली तर मित्र तिच्या आधी खुर्चीत होता आणि त्याची बोटं बटणांवर पडायला लागली होती, खालच्या ठोकाठोकीपेक्षा जोरात. मुलगी शेजारचं स्टूल ओढून बसली आणि तो काय लिहितोय ते बघू लागली.

जिन्यात चपलांच्या ढिगात सासूबाईंच्या वहाणा शोधताना मी वाकलो होतो. वरून त्या म्हणाल्या, "त्या मास्तरला सांगा, भराभर हात उचल म्हणावं. मला परवा निफाडला जायचंय."

मी परत वर पाहिलं, पण बटणांचा आवाज थांबला नव्हता, म्हणून मी नाही सांगितलं.